एकदाच दिसलेला दोष

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत, आणि तेही तोंडावर. पाठीमागे काय म्हणत ते इथे सांगितलं तर उगाच चार चांगल्या माणसांचे संसार उघड्यावर येतील, म्हणून ते राहू द्या. चाळणीला मात्र त्या नावाचा राग नव्हता. उलट नव्याने आलेल्याला ती स्वतःच सांगे, "मला चाळणी म्हणतात. खडे असतील तर आधीच काढून ठेव."

पूर्वी ती तयार कपड्यांच्या कारखान्यात शर्ट तपासायची. शर्ट उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं आणि लोंबणारा दोरा कचकन कापायचा, अशी बारा वर्षं गेली. "शर्टाचा स्वभाव आतून कळतो," हे तिचं ठाम मत, आणि हे मत ती शर्टांपुरतं ठेवत नसे. इमारतीत कुणाचं लग्न ठरलं की मुलाला आतून पाहिलंय का, असं ती सरळ विचारायची. मुलाकडच्यांना ते फारसं आवडायचं नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा कुणीतरी तिला व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत चिकटवून दिलं. टायरच्या दुकानावर दुसरा मजला, अकरा खुर्च्या, त्यातली एक मोडकी. ती नव्या माणसाला देत. टिकला तर पुढे चांगली मिळे. जिन्यापासून रबराचा वास यायचा आणि घरी गेल्यावरही साडीला राहायचा. इथलं काम ऐकून शेजारणी हसल्या. दिवसभर खेळायचे पैसे मिळतात? पण चाळणी खेळत नव्हतीच. खेळातल्या मेंढपाळाला ती प्रत्येक भिंतीपाशी नेई आणि त्याचा खांदा भिंतीला घाशीत शेवटपर्यंत चालवी. भिंत खरी असेल तर तो अडायचा. एखाद्या ठिकाणी भिंत नुसती रंगवलेली असेल तर मेंढपाळ गडप व्हायचा आणि चाळणी खुशीत येऊन म्हणायची, "सापडलास रे बाळा!" कुंपणं, गोठे, विहिरीचे कठडे, सगळं तिने असं खांद्याने चाचपलं होतं. नऊ वर्षं झाली होती.

आता कंपनीची गोष्ट. गेम होता डोंगरउतारावर मेंढ्या पाळण्याचा, आणि तो पुरा झालेला नव्हता. तरी ऑनलाइन दुकानात सात महिने विकला जात होता, वर "अजून घडतोय" अशी पट्टी लावून. मालक चौतिशीचा, बोलायला मध. तो म्हणायचा, "ताई, पूर्वी आपण टेस्टरला पगार द्यायचो. आता टेस्टर आपल्याला पैसे देऊन टेस्टिंग करतात. याला म्हणतात प्रगती!"

"हो ना," चाळणी म्हणाली. "डॉक्टरांनाही सांगून बघा. पेशंटच्याच हातात सुरी देतील."

मालक खो खो हसला. हसून वेळ मारून नेण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची दुसरी युक्ती म्हणजे "माहीत असलेले दोष" नावाची यादी. पुलावर मेंढ्या उलट्या चालतात, माहीत आहे. मेंढपाळ बसला तरी टोपी हवेतच राहते, तेही माहीत आहे. दोष यादीत टाकला की तो सुटला नाही तरी मालकाचं डोकं सुटायचं. दोनशे अठरा दोष त्या यादीत सुखाने नांदत होते. ते दुरुस्त करायचे होते ते प्रोग्रामरने, आणि त्याला सगळे उद्या म्हणत. का ते वेगळं सांगायला नको.

आणि एक नियम होता. तो मालकाचा नव्हता, चाळणीचा होता, आणि सगळं घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

पाच वर्षांपूर्वी ऑफिसात एक टेस्टर होती, जिला रोज भुतं दिसायची. आज दार आपोआप उघडलं, काल मेंढी माझ्याकडे बघून हसली! उद्या बिचारा शोधून शोधून मेटाकुटीला यायचा आणि सापडायचं काहीच नाही. शेवटी चाळणीने कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलं: तीनदा दाखवा, मग बोला. जो दोष तीनदा दाखवता येत नाही, तो लिहायचा नाही. भुतंवाली आठवड्यात नोकरी सोडून गेली. नियम मात्र राहिला. नवीन भाग विक्रीला जाण्यापूर्वी कागदावरच्या हिरव्या चौकोनात चाळणीची सही लागायची, आणि सही या नियमावर व्हायची.

घरी तिची सासू होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं सुपरवायझर. अर्ध्या शहराची बोलणी जिच्या कानावरून गेली, त्या बाईला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चौथ्या मजल्यावर बसून राहायची पाळी आली. इमारतीला लिफ्ट नाही. खाली बाकावर भरणारी बायकांची सभा तिच्याविना भरू लागली, आणि आपल्याविना भरलेल्या सभेत आपल्याबद्दलच बोलतात हे म्हातारीला अनुभवाने ठाऊक होतं. ती सुकत चालली. तेव्हा चाळणीने तिच्या टॅबवर कंपनीचा गेम टाकून दिला.

"मेंढ्या?" सासू म्हणाली. "अगं, मला काय करायच्यात मेंढ्या?"

"नावं ठेवता येतात, आई."

बस्स. नावं ठेवता येतात म्हटल्यावर म्हातारीचे डोळे असे चमकले की विचारू नका. सात महिन्यांत तिचा कळप एकशे चारवर गेला आणि एकूण एक मेंढीला अख्ख्या गोतावळ्यातलं आणि इमारतीतलं कुणी ना कुणी चिकटलं. दुपारी चाळणीचा फोन वाजायचा.

"अगं, ऐकलंस का? तळमजल्यावरच्या वकिलीणबाईंना आज कोकरू झालं!"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग सांग ना मीटिंगमध्ये. गोड बातमी आहे."

खालची सभा आता वर, टॅबमध्ये भरत होती. म्हातारी पुन्हा जेवू लागली, भांडू लागली. चाळणीच्या नवऱ्याने तर बोलूनच दाखवलं की आई आजारी होती तेव्हा घर जरा शांत होतं.

तर त्या आठवड्यात खेळाचा नवा भाग यायचा होता: वंशावळ. प्रत्येक कोकराच्या नावापुढे त्याची आई आणि आजी दिसणार. शुक्रवारी चार वाजता रिलीज, कारण शनिवारपासून ऑनलाइन दुकान त्यांना आठवडाभर पहिल्या पानावर ठेवणार होतं. अशी संधी वर्षातून एकदा येते, असं मालक दर तासाला सांगत होता.

बुधवारी दुपारी चाळणीने या नव्या भागात एक जुना कळप उघडला. खेळातली संभाषणं लिहिणारा एक लेखक पूर्वी तिथे होता, त्याने रिकाम्या वेळात पाळलेला. तो सेव्ह केला, बंद केला, परत उघडला. समोर नुसता हिरवा उतार. एक मेंढी नाही, कुंपण नाही, मेंढपाळ एकटा बसलेला, टोपी हवेत.

टोपी हवेत राहते ते हसण्यावारी नेता येतं. पण माणसाचं सात महिन्यांचं सगळं पुसून जाणं हा दोष नव्हे, दरोडा! आणि वर पंचाईत अशी की दरोडेखोराने पुरावाही सोबत नेला. त्या कळपाची दुसरी प्रत नव्हती. सगळ्यांना "आधी प्रत ठेवा, मग हात लावा" म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्या चाळणीने त्या दिवशी प्रत ठेवली नव्हती.

तिने गुरुवारभर नवे कळप उभे केले. शंभर मेंढ्या, दोनशे, तीनशे. टेस्टरांच्या सवयीप्रमाणे भराभर नावं दिली: अ, ब, क, १, २, ३. सेव्ह, बंद, उघड. चाळीस वेळा केलं. चाळीसही वेळा मेंढ्या आपल्या जागेवर रवंथ करत उभ्या.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता मीटिंग बसली.

"मला वाटतं आपण थांबावं," चाळणी म्हणाली. "अख्खा कळप जातो. मी पाहिलंय."

"कितीदा?" मालकाने विचारलं.

"एकदा."

मालकाने फक्त मान वळवून भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. उद्यानेही पाहिलं आणि पटकन खाली बघत म्हणाला, "ताई, कुठे शोधू तेच कळत नाही ना. काहीतरी धागा द्या, उद्या बघतो."

"नियम तुमचा आहे, ताई," मालक अगदी मऊ आवाजात म्हणाला. "आणि चांगला आहे. मी सगळीकडे सांगतो."

आता बघा, चाळणी अडून बसू शकली असती. पण ज्या नियमाने तिने दुसऱ्या बाईला घरी बसवलं, तोच आपल्यावर आला म्हणून मोडायचा, हे अकरा खुर्च्यांसमोर करायला छाती लागते. तिने सही केली. आणि सही करताना तिच्या डोळ्यांपुढे टॅब घेऊन बसलेली म्हातारी होती.

संध्याकाळी घरी आली तेव्हा सासू बाथरूममध्ये होती आणि टॅब पलंगावर चार्जिंगला. तिने तो उचलला. नवा भाग आपोआप येऊ नये म्हणून एक बटण बंद करायचं, दोन सेकंदांचं काम. बोट बटणापर्यंत गेलंही. पण ते बंद करणं म्हणजे आपण कशावर सही केली ते कबूल करणं. जो दोष तीनदा दिसला नाही तो दोष नाही, असं तिने मनाशी घोकलं आणि टॅब होता तसा ठेवून दिला. "डोकं दुखतंय," असं सांगून शनिवारभर ती पांघरूण घेऊन पडून राहिली.

रविवारी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. आतल्या खोलीत रोज या वेळी म्हातारीची बडबड चालायची, कुणाला रागाव, कुणाला हाकल. त्या दिवशी बराच वेळ काही ऐकू आलं नाही. चाळणी दारात गेली. सासू टॅब नाकाशी धरून बसली होती. काचेवर हिरवा उतार.

"अगं," ती हळूच म्हणाली, "मी काहीतरी भलतंच दाबलं वाटतं."

चाळणी हातातला टॉवेल घेऊन दारातच थांबली.

"सगळे गेले बघ. एवढासा अंगठा माझा, कुठे लागला कुणास ठाऊक. वय झालं, दुसरं काय."

"बघते उद्या ऑफिसात," चाळणी म्हणाली, आणि घड्या घालायला परत गेली. एकच टॉवेल तिने चारदा घडी केला.

सोमवारी ऑफिसात एकशे साठ तक्रारी येऊन पडल्या होत्या. लोक शिव्या देतील असं तिला वाटलं होतं, आणि काहींनी दिल्याही, मन लावून. शिव्या ती सहज झेलत होती. शर्टांच्या कारखान्यात याहून वजनदार ऐकल्या होत्या. तिला सोसेनात ती दुसरीच पत्रं. माझंच काही चुकलं का? मी सेव्ह करताना चार्जर काढला म्हणून झालं का? नातवाने हात लावला असेल, मी त्याला रागावलो. अशी पत्रं खाली खाली जात होती, आणि त्यात एक ओळखीचं निघालं. रविवारी तीन वाजता पाठवलेलं.

"महोदय, माझे एकशे चार जणांचे कुटुंब आज दुपारपासून बेपत्ता आहे. चूक बहुधा माझीच असावी, कारण मी वयस्क असून माझा अंगठा थरथरतो. माझी सून तुमच्याकडेच कामाला आहे. परंतु तिचे डोके दुखत आहे, आणि माझे घोटाळे निस्तरायला तिला बसवणे बरे नाही, म्हणून हे परस्पर लिहीत आहे. तिला कळवू नये. शोध घेणे सोपे जावे म्हणून नावे व वर्णन देत आहे.

"धाकट्या जावेची मधली बहीण: पांढरी, डावा कान दुमडलेला, दुसऱ्याच्या वाटणीचे खाते. लग्नाला न आलेली आत्तेनणंद: काळी. लग्नाला आलेली पण रुसून गेलेली आत्तेनणंद: काळीच, पण जाड. तिसऱ्या मजल्यावरचे सदा खोकणारे हेडमास्तर: शिंगे आहेत, उपयोग नाही. फोन उचलून न बोलणारा भाचा: कोकरू..."

एकशे चारही नावं होती. टेलिफोनवाल्या बाईची स्मरणशक्ती ती! एकविसाव्या क्रमांकावर लिहिलं होतं: "माझी सूनबाई: तांबूस, कामसू. दिवसभर कुंपणाला अंग घासत फिरते. ही सवय आमच्या घरची नाही. हिला आधी शोधावे ही विनंती."

चाळणीने डोळे पुसले, पत्र पुन्हा वरून वाचलं, आणि दुसऱ्या वाचनात तिच्यातली टेस्टर जागी झाली. लग्नाला आलेली पण रुसून गेलेली आत्तेनणंद. केवढं हे नाव! तिच्या स्वतःच्या मेंढ्या होत्या अ, ब, क. ऑफिसात नऊ वर्षांत कुणी मेंढीला एका अक्षराहून मोठं नाव दिलं नव्हतं, कारण ऑफिसात मेंढ्या फक्त मोजायच्या असत. लेखकाने मात्र हौसेने दिली होती. आणि वंशावळीमुळे आता प्रत्येक नाव आणखी दोन पिढ्यांपुढे लिहिलं जात होतं.

तिने पत्रातली नावं एकेक करून टाकायला घेतली. या वेळी प्रती ठेवल्या. सेव्ह, बंद, उघड. हिरवा उतार. परत. हिरवा उतार. तिसऱ्यांदा करण्याआधी तिने उद्याला हाक मारली. त्याने पाहिलं, खुर्ची ओढली आणि अर्ध्या तासात सांगितलं की नावांसाठी राखलेली जागा पुरत नाही आणि उरलेली नावं पुढच्या सगळ्यावर सांडतात.

"गेलेले कळप परत येतील?"

"नाही, ताई. पुसलं ते पुसलं. पुढचे वाचवता येतील. संध्याकाळपर्यंत करतो." असं तो पहिल्यांदाच म्हणाला, पण ऐकून हसायला कुणाला सुचलं नाही.

मालक आला. तिसऱ्यांदा त्याच्यादेखत कळप गेला. त्याचा चेहरा पडला, पण पडलेला चेहरा उचलून परत लावायला त्याला फार वेळ लागत नसे.

"हरकत नाही. यादीत टाका. मोठा कळप असल्यास नावं छोटी ठेवावीत."

"आणि विक्री?"

"ताई, पहिल्या पानावर आहोत आपण! संध्याकाळपर्यंत होतंय ना दुरुस्त?"

"संध्याकाळपर्यंत किती जणांचे जातील?"

"म्हणून तर सूचना टाकतोय. तक्रारींना ठरलेलं उत्तर पाठवा: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आपल्या खेळाची प्रत ठेवत जावी." आणि तो फोनवर बोलत आत गेला.

चाळणीने ठरलेलं उत्तर समोर घेतलं. प्रत ठेवत जावी म्हणजे परत तेच, चूक तुमची. ज्या नातवाला आजोबा रागावले, त्याची चूक. थरथरणाऱ्या अंगठ्याची चूक. तिने ते सगळं पुसलं आणि नवं लिहिलं: "तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. हा दोष आमच्या खेळात आहे. तो मला बुधवारी एकदा दिसला होता. तरी शुक्रवारी मी खेळ योग्य असल्याची सही केली. तुमचा कळप परत आणता येणार नाही. माफ करा." खाली स्वतःचं नाव आणि हुद्दा. पहिलं उत्तर तिने रविवारी तीनच्या पत्राला पाठवलं. मग वरून सुरुवात केली. एकेक पत्र वाचायचं, मगच उत्तर द्यायचं. चार वाजेपर्यंत त्र्याण्णव झाली.

चार वाजता एका गिऱ्हाईकाने ते उत्तर जसंच्या तसं दुकानाच्या पानावर टाकलं आणि मालक धावत बाहेर आला.

"हे काय लिहिलंत? बुधवारी? अहो, बुधवारी माहीत होतं असं कंपनीने लेखी दिलं म्हणजे..."

"माहीत होतं, साहेब."

"एकदा दिसलं होतं!"

"दिसलं होतं," चाळणी म्हणाली.

त्याला हसू आणता आलं नाही. पाच मिनिटांत खेळ विक्रीतून काढला गेला. कुणाच्या कळवळ्याने नाही. कंपनीला हे आधीच माहीत होतं हे आता जगाला कळलं, या भीतीने. पहिलं पान हातचं गेलं. जाता जाता त्याने तिला सांगितलं की तुमच्याबद्दल काय ते शांतपणे ठरवू, तोवर कुठल्याही पत्राला हात लावायचा नाही. भुतंवालीला काय वाटलं असेल, ते तिला जिना उतरताना पहिल्यांदा कळलं. पाच वर्षं उशिरा.

घरी सासू खुर्चीत बसली होती. टॅब मांडीवर, चष्मा कपाळावर.

"तुमच्या ऑफिसातून उत्तर आलंय मला," ती म्हणाली. "कुणी टेस्टर बाई आहे. नाव तुझंच आहे."

चाळणी दारातच उभी राहिली. पायातली चप्पल तशीच.

"बुधवारी दिसलं होतं?"

"हो."

"आणि रविवारी मी अंगठ्याला दोष देत होते, तेव्हा तू दारात होतीस."

"होते, आई."

म्हातारी सुपरवायझरच्या आवाजात विचारत होती, चढ नाही, उतार नाही. तीस वर्षांत कितीतरी पोरींना तिने याच आवाजात समोर उभं केलं असेल.

"सही करताना माझी आठवण झाली होती का तुला?"

खोटं बोलायला जागा होती. नाही म्हटलं असतं तर कदाचित लवकर मिटलंही असतं.

"झाली होती," चाळणी म्हणाली.

"मग जास्तच वाईट," सासू म्हणाली.

खाली बाकावर बायका जमल्या होत्या, त्यांचं हसणं वर येत होतं. मग सासूने चष्मा खाली ओढला आणि टॅबकडे पाहत विचारलं, "अशी किती पत्रं आलीत?"

"एकशे साठ. आता वाढली असतील."

"सगळ्यांना लिहिलंस?"

"त्र्याण्णव जणांना. मग हात लावू नका म्हणाले."

"म्हणजे सदुसष्ट जण अजून आपापल्या अंगठ्याला बोल लावत बसलेत." तिने काठी शोधली, उठायला गेली आणि गुडघ्याने नाही म्हटल्यावर परत बसली. चाळणी हात द्यायला पुढे झाली, तर तो हात तिने घेतला नाही. "मला नंतर उठव. आधी सांग, कुठे लिहिलं म्हणजे सगळ्यांना दिसतं? ते दुकानाचं पान की काय आहे ना, तिथे मी गिऱ्हाईक आहे. मला कुणाची बंदी आहे?"

"नाही, आई."

"मग काढ ते पान. आणि तू बोल, मी लिहिते. पहिल्यापासून सांग. बुधवारी किती वाजले होते?"

चाळणीने चप्पल काढली, सासूच्या पायाशी जमिनीवर बसली आणि सांगायला लागली.